दोन मिनिटांचा फुगा

केटामाइन जास्त वाईट की लाफिंग गॅस? विलायतेत शिकायला गेलेल्या पोरांच्या गप्पांत हा प्रश्न निघतो, आणि उत्तर तयारच असतं. केटामाइनची नशा पाऊण तास, तासभर चालते. गॅसची दोन मिनिटांत उतरते. म्हणून गॅस बरा. फुगा तोंडाला लावला, दोन-चार दमांत ओढला, कानांत घुमायला लागलं, हातपाय दुसऱ्या कुणाचे वाटले, हसू फुटलं, आणि बघता बघता माणूस पुन्हा जागेवर. उठतो, पाणी पितो, अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करतो. यात भिण्यासारखं काय आहे?

आम्हाला खटकतात ती ही दोन मिनिटं. नशा किती वेळात उतरते यावरून औषध किती घातक ते ठरवायचं, ही मोजणीच चुकीची आहे. या दोन औषधांच्या बाबतीत तर ती हमखास फसवते.

दोन्ही एकाच घराण्यातली. मेंदूतल्या एकाच खिटीवर दोघांचा हात पडतो. एनएमडीए नावाचा रिसेप्टर दोन्ही औषधं अडवतात आणि शरीराकडून येणारी खबर मनापर्यंत पोचेनाशी होते. दुखतं, पण आपलं दुखतंय असं वाटत नाही. १९६४ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये केटामाइन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं. तेव्हा या अवस्थेला काय म्हणावं, असा प्रश्न एडवर्ड डोमिनो या औषधशास्त्रज्ञाला पडला. ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द त्याच्या पत्नीने सुचवला. मन आणि शरीर यांची फारकत. शब्द चपखल होता, टिकला.

केटामाइनचं भय दिसतं. तपकिरीसारखं नाकात ओढलं की काही मिनिटांत भिंती लांब जातात, जीभ जड होते, पाय उचलत नाहीत. मात्रा वाढली तर माणूस उघड्या डोळ्यांनी पडून राहतो. हाक मारली तर ऐकतो की नाही, कळत नाही. त्या अवस्थेत उलटी झाली, जिन्यावरून तोल गेला, पाण्यात बसलेला असला, तर स्वतःला सावरता येत नाही. अभिनेता मॅथ्यू पेरी २८ ऑक्टोबर २०२३ रोजी लॉस एंजेलिसमधल्या घरी गरम पाण्याच्या कुंडात मृत सापडला. शवविच्छेदनाने मुख्य कारण केटामाइनचा तीव्र परिणाम असं दिलं. बुडणं हे त्याला हातभार लावणारं कारण. नैराश्यासाठी केटामाइनचाच सख्खा भाऊ असलेल्या एस्केटामाइनचा नाकातला फवारा अमेरिकेत २०१९पासून मिळतो. पण तो घरी न्यायचा नसतो. दवाखान्यात घ्यायचा आणि दोन तास तिथेच नजरेखाली बसायचं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. डॉक्टरांनाही या औषधाचा तास पहाऱ्याशिवाय सोडवत नाही.

महिनोन् महिने घेणाऱ्याचं मूत्राशय केटामाइन खातं. कॅनडात आणि हाँगकाँगमध्ये २००७च्या सुमारास डॉक्टरांच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं. मूत्राशयाची भिंत सुजते, आतून सोलवटते, आकसते. चारशे-पाचशे मिलिलिटर सहज धरणारी पिशवी शंभरही धरेनाशी होते. विशी-पंचविशीतलं पोरगं पंधरा-पंधरा मिनिटांनी बाथरूम गाठतं. लघवीला आग, लघवीत रक्त. कळ थांबवायला पुन्हा केटामाइनच घेतात, कारण बधिर करणं हेच त्याचं काम. काहींचं मूत्राशय शेवटी काढून टाकावं लागतं.

हे सगळं भयंकर आहे. पण ते ओरडून सांगतं. दुखतं, जळतं, रक्त दिसतं. पडलेला माणूस मित्रांना दिसतो. केटामाइनला पोरं निदान भितात तरी.

गॅस ओरडत नाही.

लाफिंग गॅस, म्हणजेच नायट्रस ऑक्साइड, फुप्फुसांतून आत जातो आणि फुप्फुसांतूनच बाहेर पडतो. रक्तात तो फारसा विरघळत नाही, म्हणून चढतोही झटकन आणि उतरतोही झटकन. दंतवैद्यांना तो प्रिय झाला तो याच गुणामुळे. दाढ काढली, मास्क काढला, पेशंट चालत घरी. पण जाता जाता तो शरीरातल्या बी-१२ जीवनसत्त्वाला गाठतो. या जीवनसत्त्वाच्या पोटात कोबाल्टचा एक अणू असतो. गॅस त्या कोबाल्टला गंजवतो, असं म्हटलं तरी रसायनशास्त्र फारसं रागावणार नाही. गंजलेलं बी-१२ कामाचं राहत नाही. ते ज्या एन्झाइमच्या हाताखाली काम करतं तो एन्झाइमही बंद पडतो. मज्जातंतूंवरचं वेष्टण नीट राखायला तो एन्झाइम लागतो. विजेच्या वायरवरचं प्लास्टिक गेलं की काय होतं, ते घरातल्या कुणालाही सांगायला नको.

गॅस दोन मिनिटांत गेला. एन्झाइम पुन्हा घडवायला शरीराला काही दिवस लागतात. आज फुगा, उद्या फुगा, परवा फुगा असं चाललं तर शरीर ही उसनवारी फेडणार कधी? नशेचं घड्याळ मिनिटांचं आहे, इजेचं दिवसांचं. पोरं पहिल्याकडे बघून दुसऱ्याचा अंदाज बांधतात.

ही गोष्ट नवी नाही, याचाच आम्हाला जास्त त्रास होतो. १९५६ साली कोपनहेगनच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. धनुर्वाताच्या रोग्यांचे झटके आवरावेत म्हणून त्यांना या गॅसखाली काही दिवस सलग ठेवलं होतं. रोग्यांच्या हाडांतल्या मगजाने रक्तपेशी बनवणं जवळजवळ सोडून दिलं. तासाभराच्या भुलीत जो गॅस निरुपद्रवी वाटत होता, तो दिवसांच्या हिशेबात विष निघाला. पुढे १९७८ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये रॉबर्ट लेझर या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने पंधरा रोग्यांची हकिकत दिली. पाय बधिर, चाल अडखळती, बोटांतली कला गेलेली. पंधरापैकी चौदा दंतवैद्य होते. बहुतेक जण आपल्याच दवाखान्यातला गॅस स्वतः ओढत होते. गॅस म्हणजे काय हे ज्यांना रोज हाताळून ठाऊक होतं, तेच दोन मिनिटांच्या हिशेबाला फसले. कॉलेजातल्या पोराने काय ओळखावं?

दुसरं असं, की नशा छोटी असणं हा गॅसचा दिलासा नव्हे, हीच त्याची ओढ आहे. तासभराची नशा घेतलेला माणूस त्या तासात दुसरी घेत नाही, निदान घेण्याच्या स्थितीत नसतो. दोन मिनिटांची नशा उतरली की फुगा परत पुढे येतो. पूर्वी क्रीम फेटण्याची ती आठ ग्रॅमची नळकांडी असत. एक फोडा, फुग्यात भरा, ओढा, दुसरं शोधा. त्या शोधण्यात तरी थोडा वेळ जाई. गेल्या काही वर्षांत सहाशे ग्रॅमच्या वरच्या टाक्या आल्या. वर स्ट्रॉबेरी, आंबा असे स्वाद. केक सजवणाऱ्याला गॅसला आंब्याचा स्वाद कशाला लागतो, याचं उत्तर विकणाऱ्याने द्यावं. टाकी मांड्यांत धरून पोरं रात्रभर फुगे भरतात. गॅस सुटताना टाकी बर्फासारखी गार पडते आणि मांडीच्या आतल्या कातडीला थंडीने भाजल्यासारख्या जखमा होतात. त्याही लगेच कळत नाहीत, कारण गॅस वेदना मारतो. एका बैठकीत किती ओढला हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही. रिकामी नळकांडी मोजता तरी येत होती.

‘पण हॉस्पिटलात तर देतातच की’ हा मुद्दाही नेहमी निघतो. देतात. बाळंतपणाच्या कळा सोसाव्यात म्हणूनही देतात, तेव्हा त्यात निम्मा ऑक्सिजन असतो. भूल देण्याच्या यंत्राजवळ जाऊन बघा. नायट्रसचा नॉब आणि ऑक्सिजनचा नॉब एकमेकांना जखडलेले असतात. नायट्रस वाढवला की ऑक्सिजन आपोआप वाढतो. ऑक्सिजन कमी केला की नायट्रसही खाली येतो. भूलतज्ज्ञाचं लक्ष क्षणभर उडालं तरी ऑक्सिजन पाव हिश्श्याच्या खाली जाऊ नये, अशी ती जोडणी. ती उगाच केलेली नाही, माणसं गेल्यावर सुचलेली आहे. फुग्यात ऑक्सिजन नसतो. फुग्याच्या तोंडाशी भूलतज्ज्ञ बसलेला नसतो. आणि ऑपरेशन टेबलावर माणूस आयुष्यात एकदा, दोनदा चढतो, दर शुक्रवारी नाही.

केटामाइनचंही तेच. आपल्याकडे तालुक्याच्या गावी अनेक शस्त्रक्रिया या औषधावर झाल्या आहेत. श्वास चालू ठेवतं, रक्तदाब पाडत नाही, म्हणून जिथे यंत्रं कमी तिथे त्याचा मोठा आधार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि असलंच पाहिजे. पण तिथेही डोक्याशी कुणीतरी बसलेलं असतं.

आता त्या पोराकडे वळू. त्याला होतं काय?

आधी पायांच्या बोटांना मुंग्या. मग तळव्यांना, जणू मोजे घातल्यासारखं. नवे बूट चावत असतील, थंडी असेल, बसण्याने असेल. मग जिना उतरताना कठड्याला हात जातो. मग एक दिवस बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटतो आणि पुढे कोसळतो. डोळे उघडे असेपर्यंत पाय कुठे आहेत हे नजर सांगत होती. नजर मिटली आणि सांगणारं कुणी उरलं नाही, कारण पायांकडून वर जाणारा मज्जारज्जूतला रस्ताच खचला आहे.

न्यूरॉलॉजिस्टकडे यासाठी एक साधी चाचणी आहे. तिला यंत्र लागत नाही. डॉक्टर पेशंटला डोळे मिटायला सांगतात. त्याच्या पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि हळूच हलवतात. विचारतात, ‘वर की खाली?’ तुम्ही-आम्ही विचार न करता सांगू. विशीतला धडधाकट मुलगा डोळे मिटून पडलेला असतो, कपाळाला आठी पडते, थांबतो, म्हणतो, ‘वर.’ अंगठा खाली असतो. पुन्हा. ‘वर की खाली?’ आता तो अंदाज मारतो. आपला अंगठा कुठे आहे याचा अंदाज मारावा लागतो. दोन मिनिटांची म्हणून जी नशा घेतली, तिचा हिशेब या चिमटीत निघतो. शरीर आणि मनाची फारकत दोन मिनिटांपुरती हवी होती. इथे ती कायमची होऊ पाहते.

वेळेत ओळखलं, गॅस बंद केला, बी-१२ची इंजेक्शनं सुरू केली तर बरेच जण सुधारतात. उशीर झाला की काठी उरते, बधिरता उरते. ‘मी गोळ्या घेतो बी-१२च्या, मला काही होणार नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की गॅस चालू असेल तर नव्याने पोटात गेलेलं बी-१२ही त्याच वाटेने निकामी होतं. आणि रक्ताच्या साध्या तपासणीवर विसंबू नये. अशा रोग्याच्या रक्तात बी-१२चा आकडा पुष्कळदा नॉर्मल येतो. जीवनसत्त्व असतं, फक्त मेलेलं असतं. होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अॅसिड तपासलं तर खरं कळतं. ती तपासणी कुणी सांगेल, तर फुग्याबद्दल कुणी विचारलं असेल तरच.

ही गोष्ट मराठी वाचकाने इतकी मनावर का घ्यावी, याचं कारण आमच्या स्वयंपाकघरात आहे. बी-१२ मिळतं मांस, मासे, अंडी आणि काही प्रमाणात दूध यांतून. वरण-भात, भाजी-पोळीत ते नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुणे आणि परिसरातले ४४१ पुरुष तपासले. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. म्हणजे ज्या घरांतून मुलं कर्ज काढून परदेशी पाठवली जातात, त्याच घरांत या जीवनसत्त्वाची हंडी तळाला लागलेली. शेजारच्या खोलीतला मटण-अंडी खाणारा मुलगा जेवढे फुगे पचवतो, तेवढे आपल्या मुलाला पचतीलच असं नाही. दोघे एकाच पार्टीत बसतात, एकाच टाकीतून फुगे भरतात, आणि पाय याचेच जातात, असं होऊ शकतं. दोन मिनिटांचा हिशेब मांडताना ही शिल्लक कुणी बघत नाही. पोराला ती ठाऊकच नसते. आम्ही बॅग भरताना लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळतो. बी-१२ची एक तपासणी करून घ्यायचं मात्र सुचत नाही.

कायद्यानेही या गैरसमजाला नकळत हातभार लावला आहे. ब्रिटनमध्ये केटामाइन २०१४पासून ब वर्गात आहे. नायट्रस ऑक्साइड ८ नोव्हेंबर २०२३ला क वर्गात आला. नेदरलँड्सने त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यावर बंदी घातली. बंदी योग्यच. पण ब आणि क अशी पायरी दिसली की ऐकणारा त्यातून ‘जास्त वाईट’ आणि ‘कमी वाईट’ असं ऐकतो. कायद्याच्या वर्गवारीत शिक्षा किती, तस्करी किती, समाजाला उपद्रव किती हे सगळं येतं. एका शाकाहारी मुलाच्या मज्जारज्जूचं काय होईल, हे त्या अक्षरात लिहिलेलं नसतं. केटामाइन बरं असं आम्हाला मुळीच म्हणायचं नाही. मूत्राशय गमावलेल्या पोराला ते कुणी सांगू नये. आमचा आक्षेप ‘त्यापेक्षा हे बरं’ या सहा अक्षरी दिलाशाला आहे. दोन वेगळ्या इजा, दोन वेगळे अवयव. त्यांना एका तागडीत घालायला वजन कोणतं वापरलं, तर नशेची मिनिटं.

रविवारी व्हिडिओ कॉल येतो. पोरगं खुशीत असतं, अभ्यासाचं सांगतं, थंडीचं सांगतं. मधेच म्हणतं, पायाला सारख्या मुंग्या येतात गं. आई म्हणते, चालणं वाढलंय ना तिकडे, झोपताना तळव्यांना तेल चोळ. बाबा मागून म्हणतात, बूट बदल. पोरगं हो म्हणतं. आपण काय घेतो ते त्याने लपवलेलं नसतं. दोन मिनिटांची ती गोष्ट सांगण्यासारखी आहे असं त्यालाच वाटलेलं नसतं, आणि इकडे घरातही ‘तू फुगे ओढतोस का?’ असं विचारायचं कुणाच्या ध्यानी येत नाही.